दाद मागू का, हे विचारण्याबाबत

न्याय सर्वांसाठी असतो. म्हणूनच तो एकेकट्याला सहसा मिळत नाही.

शेवटच्या न्यायालयात वाटेल त्याने उठून जायचं नसतं, ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली आहे. आधी परवानगी मागायची. कुणाकडे? तर ज्यांनी आपल्याला हरवलं, त्यांच्याकडेच. 'साहेब, आपण चुकलात, असं वर जाऊन सांगू का?' (ह्याला ते बहुधा 'नको' म्हणतात. कारण: आपण चुकलेलो नाही.)

गल्लीतल्या शिंपीणबाईंना ही परवानगी हवी होती. त्यांच्या खोलीच्या करारात 'पूर्वेस एक खिडकी' असं लिहिलेलं होतं. त्या खिडकीखाली मशीन ठेवून बाईंनी नऊ वर्षं लोकांची काजं-बटणं केली. मग मालकाने खिडकीपासून वीतभर अंतरावर भिंत उभी केली. आता भर दुपारी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. सुई बोटात जाऊ लागली. असंच चाललं तर वर्षभरात डोळे शिवणाच्या कामाचे राहणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं.

खालच्या कोर्टाने माणूस पाठवून रीतसर मोजमाप घेतलं. खिडकी तीन फूट बाय दोन, पूर्वेस, गज शाबूत. करारात 'खिडकी' आहे, 'उजेड' हा शब्द कुठेही नाही. सबब भंग नाही. वरच्या कोर्टाने हेच जास्त पानांत सांगितलं.

आता परवानगी. घरी आठ वर्षांच्या लेकीला बाई समजावू लागल्या, "असं बघ सोने, मी तुला खेळायला जाऊ नको म्हटलं, की तू मला विचारायचं, 'आई, तू नको म्हणालीस, हे आजीला सांगू का?'"

"मी कशाला विचारू? मी सरळ आजीकडे जाते."

"म्हणून तर तू अजून लहान आहेस."

लेकीने सुईत दोरा ओवून दिला. (हे काम हल्ली तिच्याकडे होतं. का, ते ती कुणाला सांगत नसे.)

वरच्या कोर्टाने अपेक्षेप्रमाणे 'नको' म्हटलं. तरी एक दार उरतं: थेट शेवटच्या न्यायालयालाच विचारायचं. अर्ज दहा पानी. त्यात आपलं म्हणणं मांडायचं नाही. म्हणणं मांडू द्या, एवढंच मांडायचं. मांडलंच, तर घाई झाली म्हणून फेटाळतात. नाही मांडलं, तर मुद्दाच नाही म्हणून.

"बाई, तुमचं दुःख तुमच्यापुरतं आहे, हीच अडचण आहे," वकील म्हणाले. "तिथं चारचौघांचं लागतं."

"मग चारचौघांना आणू?"

"आणा की. सहीसकट."

बाई बेचाळीस घरं फिरल्या. एकोणीस ठिकाणी चहा मिळाला. अकरा घरांनी मालकाला यथेच्छ नावं ठेवली. सात जण म्हणाले, "तुम्ही लढा, आम्ही आहोत." पाच जण घरी नव्हते (तसं त्यांनी आतूनच सांगितलं). सही कुणी केली नाही. "पण आमच्या खिडकीला काय झालंय, बाई?" हा प्रश्न रास्तच होता.

उत्तर दोन ओळींत आलं. अक्षर बारीक, खोलीत अंधार. लेकीने दारात जाऊन वाचून दाखवलं. 'प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा नाही. अन्य कोणाचीही तक्रार नाही.'

"आई, आता कुणाला विचारायचं?"

"आता कुणालाच नाही."

"मग मी रुसू का?"

"रुस, बाळा."

ह्या प्रकरणात मिळालेली ही एकमेव परवानगी.

परवानगी नाकारल्यामुळे वरच्या कोर्टाचा निकाल कायम झाला. प्रश्न एकट्या बाईंचा असला, तरी उत्तर सर्वांना लागू आहे, ही ह्या व्यवस्थेची उदारता. गल्लीत कालच विटांचे आणखी तीन ट्रक रिकामे झाले.

आपणही आपला करार एकदा काढून पाहावा. घाई नाही. फक्त खिडकीपाशी धरून पाहा, अजून दिसतंय तोवर.