उस्मानमिस्त्रींचा खड्डा

आमच्या तिमजलीच्या मागच्या अंगणात एक खड्डा होता आणि उस्मानमिस्त्री त्याला रोज सकाळी घागरभर पाणी घालत. खड्ड्यात रोप नव्हतं, वेल नव्हता, गवताची काडीसुद्धा नव्हती. साखरशेतहून बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "भाय, काय पेरलाय?"

"लोखंडी नळी," मिस्त्री म्हणाले. म्हातारा आल्या वाटेनं निघून गेला.

तिमजली म्हणजे दरबारच्या नोकरांसाठी बांधलेली तीन मजली चाळ. राजवाडा सोडला तर सगळ्या जव्हारात एवढी उंच राहती इमारत नव्हती. मी दरबारच्या शाळेत मास्तर, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. मोखाड्याचे पाहुणे आले की मी त्यांना आधी खिडकीशी नेई आणि मग चहा देई. त्यात दरबारनं इंजिन बसवून संध्याकाळची वीज दिली, तेव्हा तर आम्ही जमिनीवर चालेनासेच झालो.

त्या विजेचे राखणदार उस्मानमिस्त्री. मूळचे कंदील बनवणारे पत्र्याचे कारागीर. विजेनं धंदा बुडवला, तर हा माणूस मुंबईला जाऊन वीजच शिकून आला! दर रविवारी संध्याकाळी ते तिन्ही मजले चढत आणि प्रत्येक खोलीतल्या पितळी बटणाला उलटा हात लावून वीज पाझरते का ते बघत. "सुलटा हात चिकटून बसतो, मास्तर. उलटा झटकला जातो." विजेच्या तारेवर वाळत घातलेला माझा पंचा त्यांनी तीनदा जप्त केला. तिसऱ्यांदा तर परतही दिला नाही.

खड्ड्याचं शास्त्र त्यांनी मला पन्नास वेळा ऐकवलं असेल. "वीज पाहुणी हाय. यायला वाट दिली, तशी जायला पण पायजे." कुठं वीज पाझरलीच, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता, बटणांपासून खड्ड्यापर्यंत आणलेल्या तारेनं नळीत आणि नळीवाटे जमिनीत जायचं. म्हणून नळीभोवती मीठ आणि कोळसा, आणि माती कायम ओली. कोरडी माती वीज नीट घेत नाही. आमचं पठार पडलं खडकाचं. चार महिने धो धो पाऊस आणि होळीनंतर ठणठणाट.

एका वैशाखात विहीर तळाला गेली. बिऱ्हाडकरूंची सभा भरली. बिऱ्हाडामागे रोज दोन घागरी ठरल्या आणि खड्ड्याचं पाणी बंद झालं. ठराव मीच मांडला, आणि चांगला ठसक्यात मांडला. "माणसांना प्यायला नाही आणि मिस्त्री जमिनीला पाजतात!"

"मग मी इमारतीची वीज बंद करतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

एकच गदारोळ झाला. दुसऱ्या मजल्यावरचे भिसे कारकून तर उठूनच उभे राहिले. "दरबारात सांगून नोकरी घालवीन तुमची!"

मिस्त्री निघून गेले. वीज मात्र बंद झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी खड्डा ओला होता. तिसऱ्याही दिवशी ओला.

चोरी! दुसरं काय असणार? चौथ्या दिवशी उजाडताच मी जिन्याखाली दबा धरून बसलो. पण मिस्त्री विहिरीकडे गेलेच नाहीत. तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून त्यांनी घागर आणली आणि शेवटच्या थेंबापर्यंत खड्ड्यात ओतली. त्यांच्या वाटणीच्या दोन घागरींतली ती एक होती.

मी पुढं झालो. "अहो मिस्त्री, मग तुमचं कसं भागतं?"

"मी एकटा माणूस. मागं कोण नाय, पुढं कोण नाय. मला किती लागतं?" मग जरा अवघडून म्हणाले, "मास्तर, तुमची धाकटी, सुशी, बटणापर्यंत पोचायला लागली. दिवाळीला तीन बोटं कमी पडत होती. परवा बघितलं, टाचा उंच केल्या की बोट लागतं. आता जमीन कोरडी ठेवून कसं चालंल?"

मी तिचा बाप. रोज तिला पानावर शेजारी घेऊन जेवत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. स्वतःच्या ठरावाची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि आमच्या इमारतीत असा माणूस राहतो याचा एवढा अभिमानही.

त्याच दुपारी मी सभा पुन्हा भरवली आणि सगळं सांगितलं. दर बिऱ्हाडानं खड्ड्याला रोज दोन तांबे द्यायचे ठरलं. पहिला तांब्या घेऊन भिसे कारकूनच आले. मिस्त्रींकडे न बघता त्यांनी तो खड्ड्यात ओतला.

संध्याकाळी इंजिनाची धडधड ऐकू आली. मी सुशीला म्हटलं, "आज तू लाव दिवा." तिनं टाचा उंचावल्या, जीभ बाहेर काढली आणि बटण खाली ओढलं. खोलीभर लख्ख उजेड पडला. मी खिडकीतून डोकावलो. खाली अंगणात मिस्त्री एकटेच उभे होते, मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत.

"मिस्त्री, सुशीनं लावला!" मी ओरडलो. "वर या, चहा टाकलाय."

ते जागचे हलले नाहीत.

"हात कोरडे होते ना पोरीचे?" त्यांनी खालून विचारलं.