सव्वानऊचा मराठी शो

सुमती सुरवाडे मॅडम कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि मराठी सिनेमाची अवस्था पाहून त्यांचा जीव तुटत असे. सिनेमे त्या फारसे पाहत नसत. पण जीव तुटायला सिनेमा पाहावाच लागतो असं काही नाही.

या महिन्यात जवळच्या थिएटरात लागलेल्या सिनेमांची यादी वाचून मात्र त्या उसळल्याच. एका हिंदी मारधाडपटाचे दिवसाला अकरा खेळ, आणि मराठीचा अख्ख्या आठवड्यात एक, तोही रविवारी सकाळी सव्वानऊला! सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी भलंमोठं पत्र टाकलं. "आपण नाही तर कोण?" हा प्रश्न त्यात चार वेळा होता. सेक्रेटरी केदारने लगेच उत्तर दिलं, "मॅडम, आख्खी बी विंग येणार!"

शनिवारी संध्याकाळपासून बी विंगला गळती लागली. केदारचा गुडघा धरला. त्याच्या बायकोकडे, कांताकडे, अचानक पाहुणे आले. कुणाच्या मुलाची परीक्षा निघाली. रविवारी नऊ वाजता तिकीटखिडकीपाशी मॅडम एकट्याच उभ्या होत्या.

"शो कॅन्सल करावा लागेल, मॅडम," मॅनेजर प्रफुल्ल म्हणाला. "निदान दहा माणसं पाहिजेत. एकट्यासाठी एसी कसा लावू?"

"दहाच ना? थांबा."

मॅडम तरातरा बाहेर आल्या. आंबिवलीहून मेथी घेऊन येणाऱ्या विमलाबाई रिकामी टोपली आवरत होत्या.

"मराठी सिनेमा बघणार का? तिकीट माझं."

"नको बाय, घरी जायचंय."

"आत एसी आहे."

विमलाबाईंनी टोपली काखेत मारली. मग रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन गणू सापडला, दोन रिक्षावाले सापडले आणि शेजारच्या हॉलमधल्या लग्नाला तीन तास आधी पोचलेलं विठ्ठलवाडीचं पाच जणांचं कुटुंबही सापडलं. दहा भरले. मॅडमनी मोहीम फत्ते केल्यासारखं प्रफुल्लकडे पाहिलं.

सिनेमा सुरू झाला. लग्नाच्या बँडमधला एक म्हातारा क्लॅरिनेटवाला विहिरीच्या काठावर बसला. बसूनच राहिला. मग त्याने कुठेतरी पाहिलं. मध्यंतरापर्यंत त्याने तीन वाक्यं उच्चारली, त्यातलं एक बैलाला. मॅडमचं डोकं ठणकू लागलं. चहाच्या निमित्ताने त्या उठल्या.

शेजारच्या हिंदी सिनेमाच्या दारातून धाडधाड आवाज येत होता. दाराशी कुणीच नव्हतं. 'दोन मिनिटं, केवळ अभ्यास म्हणून,' असं मनाशी म्हणत त्या आत शिरल्या आणि कडेच्या रिकाम्या खुर्चीत टेकल्या. नायक एका हाताने हेलिकॉप्टर धरून ठेवत होता. मॅडमना हे पटलं नाही. पण पुढे तो ते सोडतो की नाही, हे पाहणं भाग होतं.

त्यानंतर एकदम दिवे लागले ते मध्यंतराचे. शेजारच्या खुर्चीत केदार होता. त्याच्यापलीकडे कांता, आणि पुढच्या दोन रांगांत बी विंग.

"मॅडम, तुम्ही?" केदारच्या हातातले पॉपकॉर्न सांडले. "आम्ही म्हणजे... पाहुण्यांना घेऊन आलेलो."

"आणि गुडघा?"

"त्याला पण घेऊन आलो."

"मी तुम्हालाच शोधायला आले होते," मॅडम ताठ मानेने म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. ओशाळलेली बी विंग मागोमाग निघाली.

बाहेर मराठी सिनेमा नुकताच सुटला होता. विमलाबाई पदराने डोळे पुसत होत्या. गणू वॉचमन भिंतीला टेकून नाक ओढत होता.

"मॅडम, कुठे गेलेल्या तुम्ही?" विमलाबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, तो म्हातारा बहिरा झालेला! कुणाला सांगितलंच नाही त्याने. पोरीच्या लग्नात उभा राहिला आणि भलतंच गाणं वाजवायला लागला, रडकं. सगळे हसतील आता, असं वाटलं. तर आख्खा बँड थांबला, आणि मग सगळे त्याच्यामागून तेच वाजवायला लागले. मी रडली ना, मॅडम!"

बी विंगही थबकून ऐकत होती.

"वा! काय स्टोरी आहे!" केदार हळहळला. "मराठीत असं काही बनवत का नाहीत?"

तेवढ्यात हिंदीचं मध्यंतर संपल्याची घंटा वाजली आणि बी विंग गुडघ्यासकट आत पळाली.

मॅडम मान खाली घालून खिडकीपाशी गेल्या. "हा सिनेमा पुन्हा कधी आहे हो?"

"अडीचला लावतोय," प्रफुल्ल म्हणाला. "ही लग्नाची मंडळी जेवून परत येतो म्हणतायत."

मॅडमनी पर्स उघडली. तेवढ्यात मागून विमलाबाईंचा हात आला आणि त्याने ती मिटवली.

"या वेळी तिकीट मी काढते, मॅडम. पण मधेच उठायचं नाही."