खंडेनवमीचं पिस्तूल

"श्री, ते काम थांबव जरा आणि हळदकुंकू वाहायला ये. साबुदाणा भिजतोय, तेवढ्यात पूजा उरकू," जयाबाईंनी हाक मारली तेव्हा श्रीनिवास लॅपटॉपसमोर बसून ऑफिसची मीटिंग ऐकत होता. आज साहेबच बोलणार होते, त्यामुळे ऐकण्यापलीकडे काम नव्हतं. तो उठला, हॉलच्या कोपऱ्यातल्या देवासमोर आला, आणि हळदकुंकवाकडे नेलेला हात त्याने मागे घेतला.

पाटावर दरवर्षीप्रमाणे घरातली हत्यारं मांडली होती. विळी, कात्री, चकलीचा सोऱ्या, आणि सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या त्या फ्लॅटमधला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर. या सगळ्यांच्या मधोमध, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन, एक काळंभोर पिस्तूल पहुडलं होतं.

"आई, हे काय आहे?"

"हत्यार आहे," जयाबाई म्हणाल्या. "दरवर्षी त्या पेचकसाला ओवाळायची मला लाज वाटायची. यंदा देवीनं ऐकलं."

"कुठून आणलंस?"

"आणायला जाते कुठं? धवलच्या बॅगेत होतं. म्हटलं, पोर समुद्रावर राबतं, त्याचे पाने-बिने असतील तर आजच्या दिवशी पुजावेत. उघडली तर हे. मागच्या जन्मीचा सरदारच तो."

धवल म्हणजे श्रीनिवासच्या बायकोचा, सुरेखाचा, धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. जहाज सिंगापूरला लागलं की बहिणीकडे जेवायला यायचा आणि जाताना हमखास काहीतरी विसरून किंवा ठेवून जायचा. या खेपेला जाताना म्हणाला होता, "ताई, ही बॅग असू दे, पुढच्या वेळी नेतो." सुरेखाने ती पलंगाखाली सरकवली होती.

श्रीनिवासने पुण्याहून येऊन या शहरात सरळ मान खाली घालून संसार केला होता. रस्ता मोकळा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत तो पाऊल उचलत नसे. इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून त्याने केलेला पीआरचा अर्ज सरकारदरबारी पडून होता, आणि तोवर आपलं नाव पोलिसांच्या कानावरही जाऊ नये एवढीच त्याची माफक इच्छा होती. इथे खेळण्यातलं पिस्तूलही परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्जावर एक शिंतोडा उडाला की बाडबिस्तरा गुंडाळा.

त्याने सुरेखाला फोन लावला. ती नोव्हेनाला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती.

"खरं आहे की खोटं?" तिने दबक्या आवाजात विचारलं. कुणाचा तरी गुडघा तिच्या हातात असावा.

"मला काय माहीत? मी कधी खरं पाहिलंय?"

"मग हात लावू नकोस. धवलला विचार. त्याचं जहाज अजून बाहेर नांगरून आहे, फोन लागेल."

फोन लागला. मागे इंजिनाची घरघर होती आणि धवलच्या तोंडात घास होता.

"दाजी, घाबरताय काय? जेल ब्लास्टर आहे तो. गॅसवर चालतो, पाण्यात फुगवलेल्या मऊ गोळ्या उडवतो. सोबतचा एकजण घरी निघाला होता, त्याला विमानात नेऊ देईनात, म्हणून त्यानं माझ्या गळ्यात मारला."

"आणि तू माझ्या. हे इथं चालत नाही, धवल."

"असं होय," धवल म्हणाला. घास गिळल्याचा आवाज आला. "बरं, मग नीट ऐका. तोंड कुणाकडं करायचं नाही, स्वतःकडंही नाही. बोट घोड्याच्या बाहेर. डोळ्याला चष्मा हवाच. मुठीत जे मॅगझिन बसतं त्यात थोडा गॅस असणार, रबर सुकू नये म्हणून ठेवतात. तो मोकळ्या हवेत सोडायचा. आणि तेल घालायचं तर फक्त सिलिकॉनचं, दुसरं कुठलं नाही. रबर खातं, झडप चिकटते."

श्रीनिवासने आईकडे पाहिलं. "आई, तू याला तेल-बिल घातलंस का?"

"म्हणजे काय? हत्यार कोरडं पुजतात का? चांगलं खोबरेल सोडलं मुठीपासून नळीपर्यंत."

"दाजी," फोनमधून आवाज आला, "एसी चालू आहे?"

चालू होता. मीटिंग असली की श्रीनिवास तो चांगला गार करून ठेवी. आता त्याने वाकून पाहिलं, तर मुठीच्या फटीत खोबरेल थिजून पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्यातून, कान देऊन ऐकलं तर, बारीक सूं ऐकू येत होतं. मांजराचं पिल्लू फिस्कारावं तसं.

"धवल, हे सूं करतंय."

"गळतंय थोडं. उघड्यावर न्या म्हणजे झालं. आणि बॅगेत डिओसारखा एक हिरवा डबा असेल, तो भरायचा गॅस. तो तेवढा उन्हात आणि आगीजवळ ठेवू नका, पेट घेतो."

हिरवा डबा बॅगेत नव्हता. हत्याराबरोबर त्याचं तेलपाणीही पुजायला हवं म्हणून जयाबाईंनी तो पाटावर मांडला होता, आणि पाटाला लागूनच नवरात्राचा अखंड दिवा संथपणे तेवत होता.

श्रीनिवासने फुंकर मारायला गाल फुगवले. जयाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"खबरदार. घट बसल्यापासून जपतेय तो."

"मग दिवा तिकडं हलवतो."

"बसवलेला दिवा हलवत नाहीत. घटही हलवत नाहीत."

"मग पिस्तूल उचलतो."

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. उद्या दसरा, उद्या उचल."

"आई, उद्यापर्यंत आपण उरलो तर ना. ते दिव्यापाशी गॅस सोडतंय."

जयाबाईंनी पिस्तुलाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग देवीकडे पाहिलं. चेहऱ्यावर थोडी काळजी आली, पण शास्त्र ढळलं नाही. विचार करून त्या म्हणाल्या, "हत्याराला हात लावू नकोस. पाटाला लावलास तर चालतं."

श्रीनिवासने एसी बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. चष्मा हवाच असं धवल म्हणाला होता. घरात पोहायचा गॉगल तेवढा होता, तो डोळ्यांवर ओढला. मग देवीची क्षमा मागून पाट उचलला. विळी, कात्री, सोऱ्या, पेचकस, डबा आणि पिस्तूल असा सगळा लवाजमा छातीशी घेऊन तो पावलापावलाने निघाला. पिस्तुलाची नळी भिंतीकडे राहावी म्हणून त्याला खेकड्यासारखं आडवं चालावं लागत होतं. मागून जयाबाई अक्षता टाकत होत्या.

बाल्कनीच्या सावलीत पाट टेकवून तो जरा सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तोच बाहेरच्या उष्म्याने आपलं काम केलं. थिजलेलं खोबरेल विरघळलं, चिकटलेली झडप सुटली, आणि उरलासुरला गॅस फस्सकन एकदम बाहेर आला. त्या वाऱ्याने झेंडूचं फूल खालच्या मजल्यावर गेलं, आणि पाटावरचं हळदकुंकू सगळंच्या सगळं श्रीनिवासच्या तोंडावर बसलं.

"डोळे वाचले," जयाबाई म्हणाल्या. "धवल शहाणा आहे."

चेहरा धुवायला तो आत धावला आणि लॅपटॉपपाशी जागच्या जागी थबकला. पडद्यावर सगळं ऑफिस होतं. सगळे गप्प होते आणि सगळे समोर बघत होते. साहेबांच्या कपाळाला आठ्या होत्या. म्हणजे पिस्तूल घेऊन आडवा चाललेला, गॉगल लावलेला आपला माणूस त्यांनी पाहिला होता, आणि आता तोच लालपिवळ्या तोंडाने परत आला होता.

तो खाली बसला, रांगतच बेडरूममध्ये गेला आणि परत सुरेखाला फोन लावला.

"सुरेखा, सगळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"मला. पिस्तुलासकट. आता कुणीतरी कळवणारच."

सुरेखा म्हणाली, "मग त्यांनी कळवायच्या आधी तू कळव. जे आहे ते खरं सांग. लपवलंस तर जास्त वाईट."

पोलिसांना फोन करताना श्रीनिवासचा आवाज इतका कापत होता, की पलीकडच्या बाईंनी त्याला आधी पाणी प्यायला सांगितलं. त्याने सगळं सांगितलं. "कशाला हात लावू नका, माणसं पाठवतो," असं उत्तर आलं. फोन ठेवून, आता लपण्यात अर्थ नाही म्हणून तो ताठ मानेने लॅपटॉपसमोर जाऊन बसला. तेव्हा त्याला कोपऱ्यातलं कॅमेऱ्याचं चित्र दिसलं. त्यावर तांबडी रेघ होती. कॅमेरा बंद होता. सकाळपासून बंदच होता. साहेब विक्रीच्या आकड्यांवर आठ्या घालून बसले होते.

दारावरची बेल वाजली.

दोघं पोलीस आले होते. त्यातली वरची अधिकारी कविता नावाची तमिळ मुलगी होती. ती शांतपणे ऐकत गेली. पिस्तूल कुणाचं, बॅग कुणाची, खोबरेल कुणी घातलं. शेवटचा प्रश्न तिने दोनदा विचारला. मग बाल्कनीत गेली, हातमोजे घालून पिस्तूल आणि डबा वेगवेगळ्या पिशव्यांत बंद केले. जयाबाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या. परक्या माणसाने हत्यार उचललं तर दोष घरावर येत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि साबुदाणा बघायला आत गेल्या.

"तुम्ही स्वतः फोन केलात हे बरं केलंत," कविता म्हणाली. "तशी नोंद करते. याच्या गोळ्या कुठं आहेत?"

"गोळ्या नाहीत," श्रीनिवास म्हणाला. "एकही नाही. शपथेवर सांगतो. पाहिजे तर घर शोधा."

तेवढ्यात जयाबाई कुरकुरत स्वयंपाकघरातून आल्या. हातात त्यांचं लग्नातलं, नाव घातलेलं पितळी पातेलं होतं.

"श्री, हा कसला रे धवलचा साबुदाणा? बॅगेत पाकीट होतं, म्हटलं पोराला उपासाची आठवण राहिली. सकाळी मूठभर भिजत घातला, तर बघ."

पातेलं काठोकाठ भरलं होतं. वाटाण्याएवढे, काचेसारखे, गुळगुळीत गोळे एकमेकांवर चढून बाहेर सांडत होते. एक टुणकन उडी मारून कविताच्या बुटापाशी थांबला. जयाबाईंनी त्यातला एक बोटांत दाबून दाखवला. "शिजायच्या आधीच हे असं. खिचडी कशी व्हायची?"

श्रीनिवासने डोळे मिटले. डोळ्यांपुढे पीआरचा अर्ज गॅस सोडत चालला होता.

कविताने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. सोबतचा शिपाई खिडकीबाहेर बघू लागला. "खाल्ले नाहीत ना कुणी?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने निःश्वास सोडला आणि इथल्या बोलीतला ‘ला’ जोडत म्हणाली, "ओके ला, आंटी. पण हेही न्यावं लागेल. भांड्यासकट."

श्रीनिवासने आईला समजावलं. जयाबाईंना पिस्तूल गेल्याचं दुःख नव्हतं, पण पातेलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

पुढचे दिवस श्रीनिवासने जीव मुठीत धरून काढले. धवलला परत किनाऱ्यावर आल्यावर चौकीत बसवून कडक समज दिली गेली, पिस्तूल जप्त झालं, आणि श्रीनिवासवर काही ठपका नाही असं तोंडी कळलं. जयाबाई मात्र रोज संध्याकाळी फिरायला म्हणून खाली जात आणि चौकीत डोकावून हिंदीत विचारत, "मेरा पातेला?" आठवडाभरात चौकीतली सगळी माणसं त्यांना नावाने ओळखू लागली.

दिवाळीच्या तोंडावर कविता स्वतः पातेलं घेऊन आली. ते चिंचेने लखलखीत घासलेलं होतं, आणि तळाशी साखर होती. "माझी आई म्हणाली, रिकामं भांडं परत करायचं नसतं," ती म्हणाली.

जयाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच चकल्यांचा डबा काढला. "नको आंटी, ड्यूटीवर काही घेता येत नाही," कविता दोन पावलं मागे सरली.

"मग ड्यूटी नसेल तेव्हा ये. आईला घेऊन ये."

रविवारी दोघी आल्या, मुरुक्कूचा, म्हणजे तमिळ चकल्यांचा, डबा घेऊन. तो डबा रिकामा कसा परत करणार, म्हणून जयाबाईंनी त्यात करंज्या भरल्या. करंज्यांचा डबा परत आला तो पायसमची खीर घेऊन. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे दोन्ही घरांना माहीत असल्यामुळे याला शेवट कुठला ते कुणालाच सांगता येईना.

आता दर रविवारी सकाळी बेल वाजते. ती वाजली की श्रीनिवास अजूनही आधी पलंगाखाली कुणाची बॅग नाही ना ते बघून येतो. आणि आतून, पुऱ्या तळता तळता, जयाबाई सहज आवाजात म्हणतात, "श्री, दार उघड रे. पोलीस आले असतील."