निळं बाळ

"पैलीचेट्टा, अहो दादा, निळा शोभतोय की," रंगारी वेलायुधन म्हणाला, आणि पैलीने कपाळावर हात मारून घेतला.

पैली केरळात, कुट्टनाडातल्या एका चर्चचा सेवेकरी. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि नाताळात गव्हाणीचा देखावा मांडायचा, ही त्याची तीस वर्षांची नोकरी. यंदा नाताळच्या सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला खुद्द बिशप येणार होते, आणि काही चुकलं तर घरी बस, असं फादरांनी पैलीला बजावून ठेवलं होतं. म्हणून तर त्याने बाळ येशूची जुनी मूर्ती रंगवायला टाकली. वेलायुधन महिनाभर देवळाचे चाळीस बाळकृष्ण रंगवत होता. एक्केचाळिसावं बाळ समोर आलं आणि हात सवयीने निळ्या डब्यात गेला. आता नाताळ उद्यावर, तेलरंग वाळायला दोन दिवस, आणि खरवडायला गेले तर नाकच निघून आलं.

"अरे, आमचा कधी निळा होता का?"

"देव खाली येताना कुठल्या रंगाचा येईल, मला काय ठाऊक? आमचा नऊदा आला, दर खेपेला रूप वेगळं. एकदा तर डुक्कर झाला. दहावा यायचाय अजून."

"आमचा एकदाच आला. माणूस होऊन आला, रडला, उपाशी राहिला, मेलासुद्धा. पुन्हा जन्म घ्यायची गरज पडली नाही त्याला."

"एका खेपेत माणसं सुधारली म्हणता? मग फादर तुम्हाला रोज शिव्या का घालतात?"

इकडे गव्हाण तर रिकामी. शेवटी वेलायुधनच ओशाळला आणि आपली तीन महिन्यांची नात देतो म्हणाला. मुलगी आहे हे कुणाला सांगायचं नाही, अशी पैलीने त्याला शपथ घातली.

सकाळी बिशप गव्हाणीपाशी वाकले. नातीने त्यांच्या गळ्यातला क्रूस धरला आणि चोखायला घेतला. फादर पैलीकडे असे बघत होते की त्याने मनातल्या मनात नोकरी सोडलीसुद्धा.

बिशपांचे डोळे मात्र भरून आले. आजवर मातीच्या बाळांनाच आशीर्वाद दिले, देव माणूस झाला हे आज खरं वाटलं, असं ते म्हणाले. पैलीचा जीव भांड्यात पडला.

"फादर, यापुढे दर नाताळला खरंखुरं बाळ ठेवा," बिशप म्हणाले. "दर वर्षी नवं. शोधून आणायचं काम या पैलीचं."

पैली बाकावर बसून पुढच्या नाताळांची बाळं बोटांवर मोजू लागला. मागून वेलायुधन त्याच्या कानाशी वाकला.

"चेट्टा, आमच्यात अवतार दहावर थांबतात. तुमचं काय ठरलंय?"