वीस पौंड हेवा

समजा, तुम्ही सायकल चालवताय आणि मागे तुमचा जाडजूड चुलतभाऊ येऊन बसला. पाय तेच, सायकल तीच, पण आता साधा चढ कसा वाटतो? एवढं कळलं की लामार पेटवेचं दुःख कळलंच म्हणून समजा.

जॉर्जियातल्या आमच्या गावाबाहेर फर्लांगभर लांबीची सरळ पट्टी आहे. तिथे दोन मोटारसायकली शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि सहा-साडेसहा सेकंदांत सगळं संपतं. सलग सहा वर्षं लामार तिथला विजेता होता आणि ‘१’ आकड्याची पाटी त्याच्याच गाडीवर मिरवत होती. यंदा बायकोला, व्हर्लीनला, हौस आली म्हणून त्याने तिला हुबेहूब तशीच गाडी बांधून दिली.

तिथेच चुकलं. लामार दोनशे साठ पौंडांचा, व्हर्लीन एकशे वीसची. ऑगस्टपर्यंत ती त्याच्याहून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने पुढे गेली. तेही सुटताना गाडीचं पुढचं चाक हवेत उठायचं आणि तिला वेग आवरावा लागायचा, तरी.

कुंपणापाशी बसणारा म्हातारा रूफस म्हणाला, "इंजिनात काही खोट नाही बघ, लामार. तू नाश्ता तेवढा कमी कर."

लामार हसला, पण घरी जाऊन जेवला नाही. तळलेला मासा बंद, मक्याचा पाव बंद. दाढीचंही काही वजन असणारच, म्हणून दाढी काढली. मग टाकीत दोनच कप पेट्रोल ठेवलं, तर गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. तो ती ढकलत परत आला तेव्हा रूफस म्हणाला, "आता मात्र हलकी चालतेय."

घरी व्हर्लीन दुसऱ्यांदा मासा वाढून घेत होती.

"मला भूक नाही," लामार म्हणाला.

"मग माझ्या ताटाकडे असा काय बघतोस?"

मोसमाची शेवटची शर्यत नवरा-बायकोतच ठरली. जिंकेल त्याची पाटी. आदल्या दुपारी लामारने मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं काढली, वीस पौंड मोजली आणि व्हर्लीनच्या गाडीच्या नाकाआड, पुढच्या चाकाच्या वर, बांधायला बसला. त्यांची दहा वर्षांची मुलगी जोनेल उलट्या बादलीवर बसून पीच खात होती.

"बाबा, हे कशाला?"

"तुझी आई फार हलकी आहे. उडून जाईल."

"आणि आईला सांगायचं नाही?"

"नाही."

तार मात्र त्याने चार ठिकाणी घट्ट आवळली. हेवा असला तरी बायको होती.

दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला. व्हर्लीनचं पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं, तिला एकदाही वेग आवरावा लागला नाही. लामारला आधी तिची पाठ दिसली, मग तीही दिसेना.

परतल्यावर तिने वाकून गाडीचं नाक तपासलं आणि सगळ्यांसमोर शिसं दाखवलं. "महिनाभर हे चाक मला छळत होतं. मी याला एका शब्दाने बोलले नाही. तरी याने ओळखलं आणि गुपचूप पुढे वजन बांधलं. स्वतःच्याच विरुद्ध. असा नवरा कुणाचा आहे का, सांगा."

रूफसने टोपी काढली. "लामार, मी तुला ओळखलंच नव्हतं रे."

"त्यात काय," लामार खाली बघत म्हणाला. "घरच्या माणसासाठी करावंच लागतं."

कुणीतरी माशांचं ताट त्याच्या हातात दिलं. सहा तुकडे संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. जोनेलने त्याला सातवा वाढला.

सोमवारी लामार आपल्या गाडीवरची पाटी काढून व्हर्लीनच्या गाडीला लावत होता. स्क्रू काही केल्या बसत नव्हता. तेवढ्यात जोनेल आपली सायकल ढकलत आली. उरलेली तीन शिशाची वजनं तिने त्याच्यासमोर ओळीने मांडली आणि तारेचं भेंडोळं त्याच्या हातात दिलं.

"बाबा, शनिवारी शाळेत सायकलींची शर्यत आहे," ती म्हणाली. "माझाही थोडा हेवा कर ना."