बसून वाजवायच्या संथ जॅझची महाराणी

आमच्या शहराच्या सभागृहात पदाशिवाय कोणालाही वाजवता येत नाही. पद म्हणजे राजघराण्यातलं. ब्लूजचा बादशहा, बँडचा युवराज, असं काहीतरी. पोस्टरचा नमुना ठरलेला आहे: वर मुकुट, खाली पद, आणि जागा उरलीच तर माणूस. माझी आत्या कित्येक वर्षं दर शनिवारी तिथे क्लॅरिनेट वाजवत होती आणि तिच्या मुकुटाखाली काहीच नव्हतं. ते वाईट दिसतं हे नव्या व्यवस्थापकांच्या लक्षात आलं. महिनाअखेर पद आणा, नाहीतर शनिवार सोडा, असं त्यांनी अदबीने सांगितलं.

शनिवार गेला असता तर आत्याची मैत्रीणही गेली असती. ती तिच्याबरोबर पियानो वाजवायची. एरवी दोघींचं पडद्यांच्या रंगापासून चहातल्या साखरेपर्यंत कशावरच पटत नसे. वाजवण्यापुरतं तेवढं जमायचं.

मी आत्याला घेऊन राजपद मंडळात गेले. तिथल्या साहेबांनी समजावलं की एका प्रकाराला एकच गादी असते आणि संथ जॅझला राणी आहे.

"त्या तर हल्ली वाजवतच नाहीत," आत्या म्हणाली.

"राणीने वाजवायलाच पाहिजे असं कुठे आहे, बाई? गादीवर असलं म्हणजे झालं."

तरीही साहेब माणुसकीचे होते. त्यांनी फोन लावून राणीसाहेबांच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठणठणीत होती. फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे दिलगिरीने पाहिलं.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. जो प्रकाराची व्याख्या करतो, तो त्याचा राजा. तेव्हा नवा प्रकारच काढावा. आत्या उभ्याने वाजवते की बसून, असं त्यांनी विचारलं. गुडघे दुखतात म्हणून बसून, असं तिने सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बसून वाजवायचा संथ जॅझ अजून कोणाच्याच ताब्यात नव्हता.

या प्रकाराची व्याख्या काय, असं मी विचारलं. बाई जे वाजवतील ते, असं उत्तर मिळालं. आणि बाई कोण? या प्रकाराच्या महाराणी. रसायनशास्त्राच्या पेपरात अशी व्याख्या लिहिली असती तर मला भोपळा मिळाला असता. इथे शिक्का मिळाला.

अडचण पियानोची होती. महाराणीबरोबर सामान्य माणसाने वाजवणं शोभत नाही, म्हणून मंडळाने मैत्रिणीला साथसंगतीची सम्राज्ञी केलं. पण सम्राज्ञीने महाराणीला साथ केली तर ती मांडलिक ठरते, आणि महाराणीने सम्राज्ञीसाठी थांबावं तर महाराणी मांडलिक ठरते. शेवटी तह झाला. दोघींनी सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर बसायचं आणि, मानाचा कलावंत शेवटी वाजवतो या न्यायाने, जी आधी सुरुवात करेल ती कनिष्ठ समजायची. नजर ठेवायला साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसणार होते.

त्या शनिवारी निवेदकाने दोघींची पदं सावकाश वाचली. मग दोघी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. सभागृहाची वेळ संपेपर्यंत बसून राहिल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. असा रुबाब आजवर पाहिला नव्हता, असं माझ्या मागच्या बाई नवऱ्याला सांगत होत्या. पुढच्या खेळाची तिकिटं तिथल्या तिथे संपली.

सोमवारी आत्याने मुकुट साहेबांच्या टेबलावर ठेवला. राजत्यागाची सोय होती, पण वारस दिल्याशिवाय नव्हे. साहेबांची नजर माझ्याकडे वळली.

"मला क्लॅरिनेट धड धरताही येत नाही," मी म्हणाले.

"वाजवायचंय कुठे, ताई? बसायचंय फक्त."

आत्या माझ्याकडे बघत होती. "बस गं," ती म्हणाली. "तेवढीच मी सुटेन."

आता दर शनिवारी मी व्यासपीठावर बसते. शेजारी सम्राज्ञीची वारस म्हणून तिची भाची असते. तीही माझ्यासारखीच रसायनं आणि परीक्षानळ्यांत वाढलेली. आम्ही छान बसतो. आत्या आणि तिची मैत्रीण बाहेरच्या बोळात, चहाच्या टपरीशेजारी वाजवतात. कोणीतरी टाकून दिलेला पियानो तिथे पडून होता. चहावाल्याची हरकत नाही, कारण गर्दी होत नाही.

परवा एक गृहस्थ आत जाता जाता तिथे थबकले, असं चहावाल्याने मला नंतर सांगितलं. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी चहावाल्याला विचारलं, या कोण? कोणी नाहीत, तो म्हणाला. गृहस्थ लगबगीने आत आले आणि माझ्या समोरच बसले.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आत्या कशी वाजवते याबद्दल मीही इथवर एक शब्द लिहिलेला नाही. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी तो हवासा वाटला होता का?