सोपानमामांचा मुगाम

आमच्या सोपानमामांना शिवी दिली तरी ते रागावत नाहीत. ती कोणत्या मुगामात दिली, तेवढं सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात एसटीची बंद झालेली फेरी परत सुरू करा म्हणून आम्ही जिंतूरच्या रस्त्यावर ठाण मांडून बसलो होतो. ओरडून ओरडून माझा घसा फाटला होता. तेवढ्यात गर्दी सारत मामा पुढे आले. मला वाटलं, पाठिंबा द्यायला आले. कानाशी वाकून म्हणाले, "माय, तू चाहारगाहात बोंबलायलीस. त्यानं रग येते, पण काम होत न्हाई. हेच सेगाहात मागितलं असतंस तर साहेब रडला असता."

मुगाम म्हणजे अझरबैजानच्या लोकांचं जुनं गाणं. आपल्या रागाचा लांबचा चुलतभाऊ समजा. चाहारगाह आवेशाचा, सेगाह प्रेमाचा, हुमायून खोल दुःखाचा. शेजारच्या कौसाबाई सकाळी शेळीच्या नावानं शंख करतात, तेव्हा मामा दाढी करता करता थांबतात. "हुमायून हाय," म्हणतात. "म्हणजे शेळी निमित्त हाय. दुःख सुनेचं हाय."

आता अझरबैजान कुठे आणि येलदरी कुठे! मामा येलदरी धरणाच्या वीजघरात ऑपरेटर होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात मामी गेली. तिच्या तेराव्याला कुणीतरी मोबाइलवर भजन लावलं होतं. भजन संपलं आणि त्याच्या पुढचं गाणं आपोआप लागलं. एक जाडजूड माणूस कानापाशी डफ धरून गळा मोकळा करायला लागला. पाहुणे म्हणाले, बंद करा ते. मामा म्हणाले, "सबूर! ऱ्हाऊ द्या." जेवणाच्या पंगती उठल्या, तरी ते ऐकतच होते.

तेव्हापासून मामांच्या ओसरीचा कारखाना झाला. तिकडे तार नावाचं वाद्य तुतीच्या लाकडाचं करतात आणि छातीशी धरून वाजवतात. मामांनी रेशीमवाल्याच्या बांधावरचं वाळलेलं तुतीचं खोड आणून कोरलं. तिकडे त्याच्यावर बैलाच्या काळजाचा पडदा ताणतात म्हणे. मामांनी बोकडाच्या कातड्यावर भागवलं. दुसरं वाद्य कमांचा. मांडीवर उभं धरून गजानं वाजवायचं. त्याच्या तोंडावर माशाचं कातडं लागतं. धरणावरच्या मासेवाल्यांना मामांनी इतकं छळलं, की ते लांबूनच ओरडायचे, "मामा, आज कातड्यासगट विकला!" शेवटी एक मोठा मासा मिळाला. त्यातून कमांचा झाला, उरलेल्या कातड्यात डफ झाला, आणि गावातली झाडून सगळी मांजरं मामांची रसिक झाली. मैफिलीला सगळ्यात आधी तीच येऊन बसतात.

अडचण एकच. हे गाणं तिघांचं आहे. एक गाणारा, तोच डफ धरणारा. एक तारवाला, एक कमांचावाला. मामा तीन सतरंज्या टाकतात. पहिलीवर बसून एक ओळ गातात, उठतात, दुसरीवर बसून ती तारेवर वाजवतात, मग गुडघे धरून तिसरीवर जातात. एका ओळीला तीन उठाबशा. "दोन मानसं मिळू देत मला," ते भेटेल त्याला सांगतात. "हुशार नसली तर चालतील. बसनारी पायजेत."

एकदा भजनी मंडळातले दोघे आले. पेटीवाल्यानं मामांची ओळ उचलली आणि सवयीनं दुप्पट लयीत नेऊन पार गजरात सोडली. पखवाजवाले हरिभाऊ दोन्ही हात उचलून समेची वाट बघत बसले. मुगामाला असा ताल नसतोच. अर्ध्या तासानं हात खाली ठेवून म्हणाले, "सोपानराव, तुमची सम काय मोटारीनं यायलीय का?" मामा म्हणाले, "सबूर." हरिभाऊंनी पखवाज उचलला, तो परत आणला नाही. मामा तीन सतरंज्या टाकतच राहिले.

हे सगळं बघून माझं डोकं फिरलं. एक माणूस सातासमुद्रापलीकडची कला स्वतःच्या हातानं ओसरीवर उभी करतो, आणि गाव हसतं? मी पत्रक काढलं. परभणीच्या कलामेळाव्याचा अर्ज आणला. कलाप्रकाराच्या रकान्यात काय लिहायचं यावरून तिथल्या बाबूंशी तासभर भांडले. ते आपले म्हणत होते, "ताई, भजन लिहा ना, कशाला डोक्याला ताप?" मी मुगामच लिहिलं. दहा मिनिटं मिळवली. स्टेज, माइक, हार, सगळं. विजयी मुद्रेनं मामांच्या ओसरीवर गेले.

मामांनी कागद दोनदा वाचला. "संगं कोन हाय?"

"कुणी नाही. तुम्ही एकटेच. एकपात्री लिहिलंय."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. "मग नगं."

मी भडकले. "मामा, मी तिथं तासभर तंडले! लोकांना कळू तर द्या! तुमचा हक्क आहे तो!"

"लोकांनी ऐकावं म्हनून कुठं करायलोय मी?" मामा कमांचाच्या खुंट्या पिळत म्हणाले. "वीजघरात फोन यायचा बघ. पलीकडचा म्हनायचा, दोन नंबर मशीन बंद. आपन लगेच म्हनायचं, दोन नंबर मशीन बंद. त्याचं बोलनं त्याला परत म्हनून दावल्याबिगर बटनाला हात लावायचा न्हाई. नियमच व्हता. जल्म गेला त्याच्यात. तुझ्या मामीला बी मी तीच सवय लावली. मी म्हनायचो, आज गुडघा लय दुखायलाय. ती चुलीपासून म्हनायची, आज गुडघा लय दुखायलाय. औशद न्हाई, काई न्हाई. पन कळायचं, पोचलं म्हनून."

हे माझ्या कुठल्याच पत्रकात बसण्यासारखं नव्हतं.

"तेराव्याला त्यो मानूस गायला," मामा म्हणाले, "आन त्याची एकेक ओळ संपली की ती दोन वाद्यं तीच ओळ त्याला परत म्हनून दावायली. लेक फोन करतो पुन्याहून. हं, हं करतो. चांगला हाय. पन परत कुनी म्हनत न्हाई."

मी चपला काढल्या आणि तारेसमोरच्या सतरंजीवर बसले. वाजवता येत नाही, असं म्हणाले. मामा म्हणाले, "मग तोंडानं म्हन." त्यांनी डफ कानाशी धरला आणि एक लहानशी ओळ गायली, शब्दाविना, चढून हळूच उतरणारी. मी ती माझ्या फाटक्या गळ्यानं परत म्हटली. निम्मी चुकली. मामांनी डोळे मिटून मान हलवली. अशा सात-आठ ओळी झाल्या.

मग ते म्हणाले, "आता तू सांग."

"काय सांगू?"

"तुझं. मी परत म्हनतो."

मला घोषणा आठवल्या, मागण्या आठवल्या. त्यातली एकही बाहेर पडेना. शेवटी मी म्हणाले, "मामा, मी घोषणा देते, तर हल्ली माझ्यामागून दोनच आवाज येतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समजूत घातली नाही. माझ्याच आवाजात, माझ्याइतकंच अडखळत म्हणाले, "मी घोषना देते, तर हल्ली माझ्यामागनं दोनच आवाज येत्यात." मग कमांचा मांडीवर उभा केला, आणि तेच एकदा गजानं म्हणून दाखवलं.